बाळकुमची खाडी आणि फौजदारी कार्यपद्धती

जिंकलेल्या प्रदेशातील कायदे विजेता ते बदलीपर्यंत चालू राहतात, हे तत्त्व लॉर्ड मॅन्सफील्ड यांनी कॅम्पबेल विरुद्ध हॉल या खटल्यात नोव्हेंबर १७७४ मध्ये मांडले. पुढच्याच महिन्यात कंपनीच्या फौजेने ठाण्याचा किल्ला घेतला आणि बाळकुमसह साष्टी पेशव्यांच्या हातून गेली. १७८२ च्या सालबाईच्या तहाने हे सत्तांतर कायम झाले. खाडीपलीकडचे काल्हेर मात्र १८१७ पर्यंत मराठी अंमलाखालीच होते.

तेथे मामलेदार चौकशी करी व मोठ्या शिक्षेस वरिष्ठांची संमती लागे. लिखित संहिता नव्हती. अलीकडच्या तीरावर ठाण्यास विनियमानुसार न्यायाधीश आला तो १७९९ मध्ये, म्हणजे सत्तांतरानंतर सुमारे पंचवीस वर्षांनी. या काळास कायद्याची पोकळी म्हणणे युक्त नव्हे. मॅन्सफील्ड यांच्या तत्त्वानुसार जुनी वहिवाट सहजासहजी लोपत नाही.

१८२७ च्या एल्फिन्स्टन संहितेत तेराव्या विनियमाने फौजदारी न्यायालयांचे कामकाज ठरविले, चौदाव्याने गुन्हे व शिक्षा. ही फारकत मोलाची होय. शिक्षेस गुन्ह्याच्या दिवसाचा कायदा लागतो. कार्यपद्धती मात्र, वेगळी तजवीज नसल्यास, खटल्याच्या वेळची. १ जुलै २०२४ रोजी नवी नागरिक सुरक्षा संहिता अमलात आली, तेव्हा कलम ५३१ ने अशीच तजवीज केली: त्या दिवशी प्रलंबित असलेले तपास व खटले १९७३ च्या संहितेनेच निकालात निघावयाचे.