मणाचा भाव, पावशेराचा भाव
१९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात असलेल्या मराठवाड्यातील धान्यबाजारात त्या काळी मण, म्हणजे ४० शेर, व पावशेर, म्हणजे शेराचा चौथा हिस्सा, ही मापे रूढ होती. ठोक खरेदीत तोलाई, हमाली व सांडलवंड यांचा खर्च एकदाच येत असल्याने व्यापाऱ्याला शेरामागे भाव उतरवणे परवडे. उलट रोजच्या मजुरीवर पावशेर घेणाऱ्याला तेच धान्य महाग पडे, म्हणजे सवलतीची गरज ज्याला होती त्याच्यापर्यंत ती क्वचितच पोहोचे. १ ऑक्टोबर १९५८ पासून टप्प्याटप्प्याने आलेल्या दशमान वजनांनी शेर मोडीत काढला, भावातली उतरंड मात्र टिकली. ऑनलाइन दुकानात ‘अधिक नग, कमी दर’ असे टप्पे नोंदवणारा विक्रेता तीच उतरंड मांडतो, फक्त घासाघीस न करता.