रॉकेलचा बोळा आणि संगणकाचा कळफलक

आज मी बोलतोय बंगळुरूच्या मल्लेश्वरममधून. इथलं काडु मल्लेश्वराचं देऊळ आपल्या ओळखीचं. ‘काडु’ म्हणजे कन्नडात रान. शिवाजी महाराजांचे सावत्र भाऊ व्यंकोजीराजे यांनी या देवाला गाव इनाम दिल्याचा १६६९ सालचा शिलालेख आहे. पुढे १८९८ मध्ये प्लेग आला, तेव्हा दाटीवाटीच्या पेठांतली माणसं मोकळ्या हवेसाठी या नव्या वसाहतीकडे वळली. आजचा विषयही स्वच्छतेचाच आहे, पण बोटांखालच्या.

रेमिंग्टनचा टाइपरायटर अमेरिकेत १८७४ मध्ये विक्रीला आला. आपल्याकडे गोदरेजनं १९५५ मध्ये भारतीय बनावटीचा टाइपरायटर काढला. मी शिकलो तो मराठी टाइपरायटरवर. सकाळी पहिलं काम सफाईचं. ‘व’, ‘ब’ यांच्या पोटात शाई नि फितीचे तंतू साचायचे, मग कागदावर नुसता काळा ठिपका उमटायचा. टाचणीनं ते पोट कोरायचं, ब्रश मारायचा, रॉकेलचा बोळा फिरवायचा, वर थेंबभर तेल. यंत्र लोखंडाचं, त्यामुळे सगळं सोसायचं.

हीच सवय मला नडली. इथं एकदा फिल्टर कॉफीचा पेला संगणकाच्या कळफलकावर लवंडला. मी ओल्या फडक्यानं खसाखसा पुसलं आणि तासाभरात वायर जोडली. अर्ध्या कळा मुक्या! लेख दुसऱ्या दिवशी द्यायचा होता. तो रात्रभर हातानं लिहिला.

चूक कुठं झाली? साध्या कळफलकात कळांखाली रबराच्या टोप्या आणि त्यांखाली प्लॅस्टिकचे पातळ पडदे असतात. पडद्यांवर वीज वाहून नेणाऱ्या शाईच्या रेघा छापलेल्या असतात. ओल आत गेली की त्या गंजतात, आणि कॉफीतली साखर कळा चिकटवते.

म्हणून आता माझी रीत अशी. आधी वायर काढायची. बिनतारी असेल तर सेल. कळफलक पालथा धरून हलके झटकायचा, मग कोरडा मऊ ब्रश. वरची चिकटाई काढायला आयसोप्रोपाइल अल्कोहोल फडक्यावर घ्यायचं. कळांवर कधीच ओतायचं नाही. रॉकेल, थिनर, नेलपॉलिश रिमूव्हर वर्ज्य, त्यानं प्लॅस्टिक आणि अक्षरं खराब होतात. कळा काढायच्याच असतील तर आधी फोटो काढायचा, आणि स्पेसबारला हात लावायचा नाही, त्याखाली तारेची कडी असते. काही सांडलंच तर निदान एक दिवस पालथा वाळू द्यायचा. लॅपटॉपवर सांडलं तर मात्र लगेच बंद करून कारागिराकडे न्यायचा. तिथं कळांखालीच सगळा जीव असतो.

यंत्र बदललं, तशी सफाईची रीतही बदलावी लागते. मला हे एक कळफलक गमावून कळलं. तुमचा तरी वाचावा. भेटूया पुढच्या भागात.