न वापरलेल्या संगीताचा इतिहास

'२००१: अ स्पेस ओडिसी' म्हटलं की बऱ्याच जणांना आधी त्याचं संगीत आठवतं. सुरुवातीला सूर्य उगवताना रिचर्ड श्ट्राउसचं 'झाराथुस्ट्रा', आणि पुढे अवकाशस्थानक संथपणे फिरत असताना योहान श्ट्राउसचं 'ब्लू डॅन्यूब'. हे सगळं इतकं चपखल बसलंय की दिग्दर्शक स्टॅन्ली कुब्रिक यांनी ते पहिल्या दिवसापासून ठरवलं असणार, असं आपण धरूनच चालतो. इतिहासाच्या संशोधनात फसगत होते ती इथेच. जे झालं ते होणारच होतं, असं वाटायला लागतं.

प्रत्यक्षात या चित्रपटासाठी वाद्यवृंदाचं स्वतंत्र संगीत लिहून ध्वनिमुद्रितही झालं होतं. संगीतकार होते अ‍ॅलेक्स नॉर्थ. कुब्रिक यांच्या 'स्पार्टाकस'चं (१९६०) संगीतही त्यांचंच. डिसेंबर १९६७ मध्ये त्यांना लंडनला बोलावलं गेलं आणि साधारण दोन आठवड्यांत त्यांनी ४० मिनिटांहून जास्त संगीत लिहिलं. ताणाने ते इतके आजारी पडले की जानेवारी १९६८ मध्ये रेकॉर्डिंगला अ‍ॅम्ब्युलन्समधून आले. वाद्यवृंदाचं संचालन हेन्री ब्रँट यांनी केलं. पुढे उरलेल्या भागाला संगीत नको, असं त्यांना सांगण्यात आलं. एप्रिलमध्ये न्यूयॉर्कला चित्रपट पाहताना नॉर्थ यांच्या लक्षात आलं, की आपलं काहीच वापरलेलं नाही.

असं का झालं? संकलन करताना दृश्यांची लय जमावी म्हणून दिग्दर्शक तयार रेकॉर्ड लावून बघतात. याला टेम्प ट्रॅक म्हणतात. कुब्रिक यांनी श्ट्राउस असाच लावला होता आणि शेवटी तोच ठेवला.

आता संशोधक म्हणून हा प्रसंग पाहू. आपल्या हातात तीन प्रकारची साधनं आहेत.

पहिलं, पूर्ण झालेला चित्रपट. तो निर्णय काय झाला ते सांगतो, कसा झाला ते सांगत नाही.

दुसरं, दोघांच्या आठवणी. नॉर्थ यांनी आपली बाजू मांडली. कुब्रिक यांनीही नंतरच्या मुलाखतीत, ते संगीत चित्रपटाला शोभणारं नव्हतं आणि वेळही उरला नव्हता, अशा अर्थाचं सांगितलं. दोन्ही साक्षी महत्त्वाच्या, पण दोघांनाही काही ना काही सिद्ध करायचं होतं, हे विसरून चालत नाही.

तिसरं, खुद्द संगीत. नॉर्थ १९९१ मध्ये वारले. १९९३ मध्ये त्यांचे मित्र, संगीतकार जेरी गोल्डस्मिथ यांच्या संचालनाखाली ते नव्याने ध्वनिमुद्रित झालं. १९६८ चं मूळ ध्वनिमुद्रण मात्र २००७ मध्ये बाजारात आलं. या दोन तबकड्या म्हणजे एकच साधन नव्हे. नॉर्थ यांनी काय लिहिलं, हे १९९३ च्या तबकडीतून समजतं. पण त्या जानेवारीत काय वाजलं, हे ऐकायचं तर २००७ चीच हवी. संगीत का नाकारलं गेलं, यावर लिहिताना फक्त १९९३ ची तबकडी वापरली, तर २५ वर्षांनंतरच्या वादनावरून १९६८ च्या निर्णयाचा न्याय केल्यासारखं होईल.

आणि ऐकल्यावर एक गोष्ट जाणवते. नॉर्थ यांच्या सुरुवातीच्या तुकड्यात खालचा लांबवलेला स्वर, मग पितळी वाद्यांची चढण, टिंपनीचे ठोके, असा 'झाराथुस्ट्रा'चाच सांगाडा दिसतो. श्ट्राउसचा थोडक्यातला परिणाम राखून तो आजच्या सांगीतिक भाषेत आणायचा प्रयत्न केला, असं स्वतः नॉर्थही म्हणतात. इथे आठवण आणि स्वरलिपी एकमेकींना दुजोरा देतात. म्हणजे नॉर्थ कोऱ्या पडद्यासाठी लिहीत नव्हते. दिग्दर्शकाच्या कानात आधीच बसलेल्या एका रेकॉर्डशी त्यांची स्पर्धा होती.

यामुळे आपला प्रश्नच बदलतो. 'कोणाचं संगीत सरस?' हा आवडीनिवडीचा वाद झाला. 'तात्पुरती सोय कायमची कशी होते?' हा संशोधनाचा प्रश्न आहे, आणि त्याचं उत्तर शोधायला नाकारलेली स्वररचना लागते.

तुमच्या विषयातही असा एखादा बाद झालेला मसुदा, फेटाळलेला आराखडा, गाळलेलं प्रकरण असेल. संशोधन प्रस्तावातल्या साधनांच्या यादीत त्याला आधीच जागा करून ठेवा. नाहीतर जे टिकलं, त्याचाच इतिहास आपण लिहीत बसतो.