शिट्टी कोणाच्या हाती?

रायपूरहून धमतरीकडे जाणाऱ्या जुन्या छोट्या लाईनीवर अभनपुरास राजिमचा फाटा फुटत असे. १९५६ पर्यंत या मुलखाचा कारभार नागपुराहून चाले. म्हणून येथील बालवीर चळवळीचा विचार करताना नागपूरचे न्यायमूर्ती विव्हियन बोस आम्हांस प्रथम आठवतात. न्यायासन सांभाळून हा गृहस्थ मुलांच्या या कार्यात वर्षानुवर्षे राबला.

१९०७ साली ब्राउनसी बेटावर बेडन-पॉवेल यांनी सुमारे वीस मुलांचे चार संघ केले व प्रत्येकावर मुलांतलाच नायक नेमला. चळवळीचे सारे मर्म आम्हांस या एका कृतीत दिसते. प्रौढाने नायकास शिकवावे, नायकाने सवंगड्यांस. आणि कार्यक्रम ठरवावा तो नायकांच्या मानसभेने.

हिंदुस्थानात मात्र आधी प्रौढांचाच वाद उभा राहिला. आरंभीच्या पथकांत देशी मुलांस प्रवेश नव्हता. तेव्हा अ‍ॅनी बेझंट यांनी मद्रासेस, तर मालवीय, हृदयनाथ कुंझरू व श्रीराम वाजपेयी यांनी अलाहाबादेस वेगळी चूल मांडली. (कुंझरू हे गोखल्यांच्या भारत सेवक समाजाचे, याचा आम्हां मराठी मंडळींस थोडा अभिमान!) १९५० मध्ये एकी झाली.

पथक चालविणाऱ्या शिक्षकाची कसोटी मात्र तीच राहिली. गाठ सुटते, तंबू कलतो, भात करपतो. त्या क्षणी त्याचा हात आपसूक पुढे होतो. अहवाल सुबक हवा असला, म्हणजे तर नायक हजेरीपुरताच उरतो. आमच्या मते करपलेल्या भाताचेच शिबिर बरे. दुसऱ्या दिवशी जाळ किती ठेवावा, हे मुलेच मानसभेत ठरवितात.