पॅचची बखर

गेममधली चूक दुरुस्त करणारा पॅच आज डोळ्यांना दिसत नाही. रात्री यंत्र चालू ठेवले की सकाळी तो आपोआप उतरलेला असतो. पण एके काळी पॅच बोटांनी चाचपता येत असे. हार्वर्ड विद्यापीठात १९४४ साली मार्क वन नावाचे अवाढव्य गणनयंत्र बसवले गेले. त्याला आज्ञा द्यायच्या त्या भोके पाडलेल्या लांबलचक कागदी पट्टीवरून. भोक चुकीच्या जागी पडले तर त्यावर कागदाचा तुकडा चिकटवून ते बुजवायचे आणि हवे तिथे नवे पाडायचे. हे तुकडे हाच मूळचा पॅच. यंत्र चालवणारी माणसेच चूक करत, तीच ती शोधत आणि डिंकाची बाटलीही त्यांच्याच टेबलावर असे. तक्रार करायला समोर दुसरे कोणी नव्हतेच. आजचा क्रिकेट किंवा फुटबॉलच्या गेमचा चाहता नव्या पॅचच्या नावाने जो चडफडतो, त्या चडफडीचे मूळ शोधायचे असेल, तर चूक करणारा आणि ती सोसणारा यांची ताटातूट कशी होत गेली हे आपण पाहायला हवे.

पडद्यावरच्या खेळापुरते बोलायचे तर आपल्याला १९५८ सालच्या न्यूयॉर्क राज्यात जावे लागते. ब्रुकहेवन या सरकारी प्रयोगशाळेत पाहुण्यांसाठी खुल्या दिवशी विल्यम हिगिनबॉथम या भौतिकशास्त्रज्ञाने ऑसिलोस्कोपच्या इवल्याशा गोल पडद्यावर टेनिस मांडले. खेळायला लोकांनी रांगा लावल्या. पुढच्या वर्षी तोच खेळ मोठ्या पडद्यावर आला आणि त्यात एक नवी सोय होती: चंद्रावरचे किंवा गुरू ग्रहावरचे गुरुत्वाकर्षण निवडून टेनिस खेळता येई. क्रीडा-गेमची वार्षिक आवृत्ती काढण्याची रीत इथून सुरू झाली असे कोणी म्हटले तर मी हरकत घेणार नाही. नव्या आवृत्तीत खरोखरच काहीतरी नवे देण्याची रीत मात्र पुढे फारशी टिकली नाही. १९७२ मध्ये अटारी कंपनीच्या अ‍ॅलन अल्कॉर्नने पाँग तयार केला. त्यात सॉफ्टवेअर नव्हतेच, सारा खेळ विद्युतमंडलांचा होता. त्या मंडलांतल्या एका दोषामुळे बॅट पडद्याच्या अगदी वरच्या कडेपर्यंत पोहोचत नसे. अल्कॉर्नने तो दोष तसाच ठेवला. दोन तरबेज खेळाडू कंटाळा येईपर्यंत चेंडू टोलवत राहिले असते, ते या रिकाम्या पट्टीमुळे टळले. त्या दोषाबद्दल कोणी कधी माफी मागितली नाही आणि कोणी ती मागायलाही लावली नाही.

यानंतरची दोन दशके काडतुसांची, म्हणजे कार्ट्रिजची. गेम कारखान्यात चिपमध्ये कोरला जाई आणि एकदा कोरला की ब्रह्मदेवालाही त्यात फेरफार करता येत नसे. डिसेंबर १९९३ मध्ये आलेल्या फिफा या फुटबॉल गेमच्या पहिल्या आवृत्तीत एक गमतीदार भगदाड होते. प्रतिस्पर्ध्याचा गोलरक्षक चेंडू हातात घेऊन लांब मारायला निघाला की आपला एक गडी थेट त्याच्या नाकासमोर नेऊन उभा करायचा. गोलरक्षक डोळे मिटून लाथ मारी, चेंडू आपल्या गड्याच्या अंगावर आपटून उलटा फिरे आणि जाळ्यात जाऊन बसे. अमेरिकन फुटबॉलच्या टेक्मो बोल या गेममध्ये बो जॅक्सन या खेळाडूला तर अडवणेच मुश्कील. आज हे असते तर आठवड्याभरात बोंबाबोंब झाली असती. तेव्हा घराघरात त्यावर तह झाले: गोलरक्षकासमोर उभे राहायचे नाही, जॅक्सनचा संघ कोणी घ्यायचा नाही. चूक ही खेळपट्टीच्या उंचसखलपणाइतकी दिलेली गोष्ट होती. तेव्हाचे लोक आजच्यापेक्षा सोशिक होते असे मला वाटत नाही. दुरुस्तीच शक्य नव्हती, म्हणून दुरुस्ती न करणाऱ्यावर रागवायचे कारणही नव्हते.

घरगुती संगणकावर हे चित्र पालटले. लॅरी वॉल या प्रोग्रॅमरने १९८५ मध्ये पॅच याच नावाचे एक छोटे साधन लोकांना खुले केले. आख्खा प्रोग्रॅम पुन्हा न पाठवता फक्त बदललेल्या ओळी पाठवायच्या आणि समोरच्याच्या प्रतीत त्या बेमालूम बसवायच्या, हे त्याचे काम. कागदाचा तुकडा आता तारेवरून जाऊ लागला. पण जे साधन बनवणाऱ्याच्या हाती आले ते खेळणाऱ्याच्याही हाती लागले. इंग्लंडमधल्या कॉलियर बंधूंनी १९९२ मध्ये चॅम्पियनशिप मॅनेजर हा फुटबॉल-व्यवस्थापनाचा गेम आणला होता. त्याची २००१-०२ची आवृत्ती चाहत्यांच्या मनात इतकी रुतून बसली, की ती २००८ मध्ये फुकट खुली झाल्यावरही दर मोसमात नव्या खेळाडूंची नावे त्यात भरण्याचे काम हौशी माणसे करतच राहिली. मार्च २००३ मध्ये आलेला चॅम्पियनशिप मॅनेजर ४ ब्रिटनमध्ये तडाखेबंद खपला आणि तेवढ्याच जोरात शिव्याही खाऊन गेला. चुका फार, चाल संथ. पॅच आले, पण आधी विकायचे आणि मग सुधारायचे हा पायंडा तोवर पडला होता.

या बखरीतले आपल्या घरचे पान आहे ते क्रिकेट ०७चे. कॅनडातल्या एचबी स्टुडिओजने बनवलेला आणि ईए स्पोर्ट्सने नोव्हेंबर २००६ मध्ये विकायला काढलेला हा गेम त्या मालिकेतला शेवटचा ठरला. परवान्यांअभावी त्यात अनेक संघांचे खेळाडू भलत्याच नावांनी मैदानात उतरत. दीड वर्षाने, एप्रिल २००८ मध्ये, आयपीएल सुरू झाली आणि गेममध्ये तिचा मागमूसही नव्हता. कंपनीने हे दुकानच बंद केल्यामुळे आता जे काही करायचे ते चाहत्यांनीच. पुण्या-मुंबईपासून तालुक्याच्या गावापर्यंत, तासावर पैसे मोजायच्या सायबर कॅफेत आणि भावंडांत वाटून घ्यायच्या घरच्या पीसीवर, या गेमला आयपीएलचे पॅच चढू लागले. ती कारागिरी जवळून पाहण्यासारखी होती. जर्सी म्हणजे एक सपाट चित्र, ते खेळाडूच्या आकृतीभोवती गुंडाळले जाई. ते चित्र बाहेर काढायचे, त्यावर नवा रंग आणि नव्या प्रायोजकाचे नाव चढवायचे आणि ‘.बिग’ नावाच्या गाठोड्यात जुन्याच्या जागी नेमके ठेवून द्यायचे. संघांची यादी निराळ्या रोस्टर फाइलमध्ये, बॅटवरचे स्टिकर निराळे, वानखेडेचे स्टेडियम निराळे. मूळ फाइल कुठेतरी जपून ठेवायला विसरले तर गेम सुरूच होत नसे आणि मग थोरल्या भावाची बोलणी खाऊन सगळे पुन्हा इन्स्टॉल करायचे. एवढे करूनही गोलंदाजी तीच, क्षेत्ररक्षकांचा अजागळपणाही तोच. तरी या पॅचवर कोणी खवळत नसे. तो फुकट होता, आणि तो करणारा आपल्यासारखाच कोणी कॉलेजात जाणारा पोरगा होता.

इकडे टीव्हीला जोडायच्या यंत्रांनाही इंटरनेट मिळाले. २००२ मध्ये एक्सबॉक्स लाइव्ह आले, २००५ आणि २००६ मध्ये एक्सबॉक्स ३६० आणि प्लेस्टेशन ३ आले, आणि कारखान्यातून निघालेला गेम हा शेवटचा शब्द राहिला नाही. डिस्क छापायला गेल्यापासून ती दुकानात पोहोचेपर्यंतच्या आठवड्यांत स्टुडिओ दुरुस्त्या करत बसे आणि विक्रीच्या पहिल्याच दिवशी पॅच हजर होई. पॅच काढणे तेव्हा सोपे नव्हते. सोनी किंवा मायक्रोसॉफ्टच्या तपासणीतून तो पार व्हावा लागे, आणि मायक्रोसॉफ्ट फेरतपासणीचे शुल्क घेत असे, ते २०१३ मध्ये उठले. पण क्रीडा-गेमची खरी अडचण वेगळीच आहे. साहसकथेचा गेम वर्षभर लांबला तरी चालते. क्रीडा-गेमला मोसमाची सुरुवात, अ‍ॅशेसची पहिली कसोटी असले मुहूर्त गाठायचे असतात, आणि मुहूर्त टळू नये म्हणून अर्धवट मांडवातच वऱ्हाड बसवावे तसे होते. शिवाय गेम बाजारात आला की स्टुडिओतली बरीच मंडळी पुढच्या वर्षीच्या कामाला लागतात. चाहता डिसेंबरात ज्या चुकीबद्दल ओरडतो ती दुरुस्त होते, पण बहुधा पुढच्या आवृत्तीत, पुन्हा पूर्ण किंमत मोजून.

याच सुमारास बनवणारे बोलू लागले. टायगर वुड्सच्या गोल्फ गेममधली एक चूक एका चाहत्याने जगाला दाखवली: वुड्स तळ्याच्या पाण्यावर उभा राहून फटका मारत होता. २००८ मध्ये ईएने पॅचऐवजी जाहिरात काढली. तीत खरा टायगर वुड्स पाण्यावरून चालत जातो आणि फटका मारतो. ही चूक नाही, हा माणूसच तेवढा थोर आहे, असा एकूण सूर. लोक हसले आणि प्रकरण तिथेच मिटले. दोनच वर्षांनी तीच कंपनी अशा हशाला बळी पडली. एनबीए एलीट ११ या बास्केटबॉल गेमच्या नमुना-आवृत्तीत अँड्र्यू बायनम हा खेळाडू मैदानाच्या मधोमध दोन्ही हात पसरून निश्चल उभा राहिला, त्याची चित्रफीत सर्वदूर गेली आणि गेम रद्द झाला.

क्रिकेटचा असा दिवस उजाडायला नोव्हेंबर २०१३ यावा लागला. मेलबर्नच्या ट्रिकस्टार गेम्सने बनवलेला अ‍ॅशेस क्रिकेट २०१३ जूनपासून लांबत गेला होता. तो २२ नोव्हेंबरला, ऑस्ट्रेलियातली मालिका सुरू झाल्याच्या दुसऱ्या दिवशी, स्टीम या ऑनलाइन दुकानात आला. क्षेत्ररक्षकांच्या सैरावैरा धावण्याच्या चित्रफितींनी पाहता पाहता धमाल उडवली. ५०५ गेम्स या प्रकाशकाने काही दिवसांतच गेम मागे घेतला, माफी मागितली आणि पैसे परत केले. इथे पॅचचा उपाय संपला होता; दर्जा राखता आला नाही ही कबुलीच तेवढी उरली. त्याच शहरातल्या बिग अँट स्टुडिओने एप्रिल २०१४ मध्ये डॉन ब्रॅडमन क्रिकेट १४ आणला तेव्हा या पोकळीतून एक शहाणपणाची वाट काढली. परवाने नाहीत ना, मग चाहत्यांनीच खेळाडू आणि संघ घडवावेत, एकमेकांना वाटावेत, आणि त्याचे साधन गेमच्या आतच असावे. क्रिकेट ०७च्या पोरांनी गेमच्या पाठीमागून जे केले ते आता पुढच्या दाराने आले. बिग अँटच्या पुढच्या गेमांवरही पॅचच्या तक्रारी भरपूर झाल्या. एकदा तर दुरुस्ती वेष्टनाचीच करावी लागली: मुखपृष्ठावरच्या टिम पेनने नोव्हेंबर २०२१ मध्ये ऑस्ट्रेलियाचे कर्णधारपद सोडले आणि क्रिकेट २२चे आगमन २ डिसेंबरवर गेले.

फुटबॉलमध्ये एव्हाना पैशाचा नवा हिशेब आला होता. मार्च २००९ मध्ये फिफाला अल्टिमेट टीम जोडली गेली आणि खेळाडूंचे पत्ते विकत घेऊन संघ उभारायची चटक लागली. आता पॅचने धावण्याचा वेग किंवा हेडरची ताकद जराशी बदलली तरी कोणाचा तरी महागडा पत्ता पडेल होतो. दुरुस्तीला विरोध करणारा चाहता हा प्राणी इथे जन्मला. अमेरिकेत नाराजीचे कारण निराळे. डिसेंबर २००४ मध्ये ईएने अमेरिकन फुटबॉलच्या एनएफएल या लीगशी एकाधिकाराचा करार केला, त्यामुळे ईएचा मॅडेन हा गेम आवडला नाही तर जायचे कुठे? एकच संघ अनेक मोसम चालवायच्या फ्रँचाइज पद्धतीकडे वर्षानुवर्षे दुर्लक्ष झाल्याचा राग जुलै २०२० मध्ये एका हॅशटॅगखाली एकवटला आणि कंपनीला सुधारणांची यादी जाहीर करावी लागली. २०२२च्या डिसेंबरअखेर त्याच फ्रँचाइजमध्ये साठवलेल्या लीगची माहिती बिघडली. सुमारे ४० टक्के लीग परत मिळतील, असे कंपनीने कळवले. महिनोन्महिने मित्रांसोबत खेळून उभा केलेला मोसम स्वतःच्या घरात नसून कंपनीच्या कपाटात असतो, हे त्या एका आकड्याने लोकांना समजले. मला हा टप्पा सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. मार्क वनच्या पट्टीपासून क्रिकेट ०७पर्यंत खेळणाऱ्याच्या हातात निदान त्याची प्रत तरी होती.

कोनामी या कंपनीची कथा थोडक्यात सांगण्यासारखी नाही, तरी तारखा पाहाव्यात. प्रो इव्होल्यूशन सॉकर हे नावाजलेले नाव टाकून कंपनीने ३० सप्टेंबर २०२१ रोजी ईफुटबॉल २०२२ फुकट खुला केला. आवृत्तीचा क्रमांक ०.९.०, म्हणजे गेम पुरता एकही झालेला नव्हता. मेस्सी आणि रोनाल्डोचे चेहरे पाहून लोकांनी कपाळाला हात लावले आणि स्टीमवरच्या सर्वांत वाईट शेऱ्यांच्या गेमांत तो जाऊन बसला. दुसऱ्याच दिवशी माफीपत्र आले. पहिला मोठा पॅच २८ ऑक्टोबरला यायचा होता, तो ५ नोव्हेंबरला आला. १.० ही आवृत्ती नोव्हेंबरवरून वसंतावर ढकलली गेली आणि १४ एप्रिल २०२२ रोजी अवतरली. दर तारखेबरोबर एक निवेदन होते, आणि चाहते गेमपेक्षा ती निवेदनेच बारकाईने वाचू लागले. तारीख दिली की तिचे वचन होते आणि न दिली की मौन खटकते, हा पेच तेव्हापासून प्रत्येक स्टुडिओच्या मानगुटीवर आहे.

फुटबॉल मॅनेजर, म्हणजे कॉलियर बंधूंच्या गेमचा थेट वारस, त्याच पेचात सापडला. नव्या इंजिनावर बांधायचा फुटबॉल मॅनेजर २५ आधी मार्चवर गेला आणि ६ फेब्रुवारी २०२५ रोजी रद्द झाला. जुन्या २४मध्ये नव्या मोसमाचे संघ भरून देणार नाही, हेही स्टुडिओने स्पष्ट केले. ते काम हौशी चाहत्यांनी केलेच. २००१-०२च्या आवृत्तीला दोन दशके जोजवणाऱ्यांच्या जातकुळीत ते काही अवघड नव्हते. ४ नोव्हेंबर २०२५ रोजी फुटबॉल मॅनेजर २६ आला, नव्या मांडणीवरून स्टीमवर नाराजीचा ढीग पडला आणि स्टुडिओ पुन्हा पॅच काढायला बसला.