इंधनाची वाट : घरी बांधलेली विमाने आणि रोटरी इंजिन



विमानाच्या इतिहासात पंखांचे कौतुक पुष्कळ झाले. इंधनाच्या नळीकडे मात्र फारसे कोणी पाहिले नाही. 17 डिसेंबर 1903 रोजी उडालेले राइट बंधूंचे विमान एका अर्थी घरीच बांधलेले होते. त्यांच्या सायकलीच्या कारखान्यातील चार्ली टेलर यांनी घडविलेल्या त्याच्या इंजिनाला आजच्या अर्थाने कार्बुरेटर नव्हता. उंचावरील टाकीतून पेट्रोल आपल्याच भाराने खाली उतरे आणि इंजिनाच्या उष्णतेने वाफ होऊन हवेत मिसळे.

पुढे कार्बुरेटर रूढ झाला आणि त्याची संकटेही आली. दमट हवेत त्याच्या गळ्यात बर्फ साचे. 1940 च्या ब्रिटनवरील हवाई युद्धात विमानाने एकाएकी नाक खाली घातले की मर्लिन इंजिन क्षणभर गुदमरे. सिलिंडरमध्ये थेट इंधन फवारणारे जर्मन डीबी 601 मात्र चालत राही. 1941 मध्ये फार्नबरोच्या अभियंता बिऑट्रिस शिलिंग यांनी छिद्र असलेली एक लहानशी चकती बसवून हा दोष बराच आवरला.

‘रोटरी’ हा शब्द जपून वापरला पाहिजे. पहिल्या महायुद्धातील नोम इंजिनात सिलिंडरच प्रोपेलरबरोबर फिरत. आपल्या विषयातील रोटरी निराळे आहे. फेलिक्स वांकेल यांच्या कल्पनेतून निघालेले हे इंजिन 1957 मध्ये जर्मनीतील एनएसयू कंपनीत प्रथम चालले. त्यात पिस्टन नाही, झडपा नाहीत. त्रिकोणी रोटर फिरतो. जपानच्या माझदा कंपनीने ते मोटारीत रुजविले, आणि तिचे 1308 घनसेंटिमीटरचे ‘13बी’ अमेरिकेतील काही हौशी विमानबांधणाऱ्यांनी आपलेसे केले.

या इंजिनाला इलेक्ट्रॉनिक इंधन-फवारणी जोडली की बर्फाचे भय बहुतांशी सरते. पण ती सर्वस्वी विजेवर जगते. जनित्र बंद पडून बॅटरी संपली, तर टाकी भरलेली असूनही इंजिन थांबते. मोटार रस्त्याच्या कडेला घेता येते. विमानाला तशी सोय नाही.

म्हणून जाणते बांधणारे दोन पंप बसवितात आणि दोहोंची वीज वेगवेगळ्या वाटेने आणतात. फवारणीचा नियंत्रक व बॅटरी यांनाही जोडीदार देतात. रोटरीचा एक्झॉस्ट अतिशय तापतो. नळीतच पेट्रोलची वाफ झाली, तर पंप हतबल होतो. यास्तव नळ्या त्यापासून दूर आणि अग्निरोधक वेष्टनात नेतात. मिश्रणात इंधन गरजेपेक्षा कमी पडले, तर स्फोटक ज्वलनाने रोटरच्या टोकांवरील सील तुटू शकतात. पहिल्या उड्डाणापूर्वी विमानाचे नाक वर करून प्रवाह मोजतात. पूर्ण शक्तीला लागणाऱ्या इंधनाच्या पंपाने सव्वापट आणि नुसत्या उताराने दीडपट, हे अमेरिकी विमान-नियमांतून आलेले प्रमाण येथे मार्गदर्शक ठरते.

मित्रहो, या इतिहासात प्रत्येक सुधारणेने जुना धोका दूर केला आणि नवा एखाद्या वेगळ्याच जागी आणून ठेवला. आपल्यापैकी कोणी उद्या यंत्र घडवील, तेव्हा ‘हे कसे चालते?’ याबरोबरच ‘हे थांबले तर दुसरी वाट कोणती?’ हेही त्याने जमिनीवर असतानाच विचारावे.