शांतता कलम (जागतिक व्यापार संघटना)

सार्वजनिक धान्यसाठ्यांविषयी जागतिक व्यापार संघटनेच्या नवव्या मंत्रिपरिषदेत (बाली, डिसेंबर २०१३) झालेला निर्णय. बोलण्यात ‘पीस क्लॉज’ हेच नाव रूढ आहे. अन्नसुरक्षेसाठी हमीभावाने धान्य खरेदी करताना एखाद्या विकसनशील देशाने अनुदानाची मर्यादा ओलांडली, तरी ठरावीक अटी पाळल्यास इतर सदस्यांनी कृषी कराराखाली त्याच्याविरुद्ध तंटा दाखल करायचा नाही, असे त्याचे स्वरूप आहे.

अडचणीचे मूळ १९९५ पासून अमलात असलेल्या कृषी करारात आहे. विकसनशील देशांना पिकाच्या उत्पादनमूल्याच्या १० टक्क्यांपर्यंत अनुदानाची मुभा असते. मात्र सरकारी खरेदीदर आणि संदर्भ किंमत यांतील तफावत अनुदान म्हणून धरली जाते, आणि ही संदर्भ किंमत १९८६–८८ मधली आहे. हमीभाव वाढेल तसे कागदावरचे अनुदान फुगत जाते. शेतकऱ्याच्या हातात तेवढे पडतेच असे नाही. भारताचा अन्नसुरक्षा कायदा २०१३ चाच, त्यामुळे बालीत हा विषय दिल्लीच्या दृष्टीने कळीचा होता.

बालीच्या मसुद्यात मेख राहिली. तंटा न करण्याचे बंधन ‘कायमस्वरूपी तोडगा निघेपर्यंत’ होते. पण तोच मसुदा यंत्रणेला ‘अंतरिम’ म्हणत होता आणि तोडग्यासाठी अकराव्या मंत्रिपरिषदेची मुदतही घालत होता. ही परिषद २०१७ मध्ये व्हायची होती. तोवर तोडगा निघाला नाही तर संरक्षण उरते की संपते, याचे उत्तर मसुद्यात थेट नव्हते. चर्चेतली आश्वासने अशा वेळी फारशी उपयोगी पडत नाहीत. तंटा मंडळ मुख्यतः करारातील शब्दच पाहते, वाटाघाटींचा इतिहास दुय्यम मानते.

ही संदिग्धता दूर व्हावी म्हणून जुलै २०१४ मध्ये भारताने, बालीतच ठरलेला व्यापार सुलभीकरण करार संघटनेच्या मूळ कराराला जोडणाऱ्या नयाचाराला संमती नाकारली आणि ३१ जुलैची मुदत टळली. निर्णय सर्वसंमतीने होत असल्याने एका सदस्याचा नकार पुरेसा होता. ‘अडेलतट्टू’ अशी टीका झाली, पण मागणी सरळ होती : जे बोलता ते लिहून द्या. नोव्हेंबरात अमेरिकेशी समझोता झाला आणि २७ नोव्हेंबर २०१४ रोजी जनरल कौन्सिलने स्पष्ट केले, की अकराव्या परिषदेपर्यंत तोडगा मान्य आणि स्वीकृत झाला नाही, तर तो होईपर्यंत हीच यंत्रणा चालू राहील. चार महिन्यांच्या ताणाताणीचे फलित म्हणजे जेमतेम हे एक वाक्य. ब्युनोस आयर्सची अकरावी परिषद (२०१७) तोडग्याविनाच उठली, तेव्हा त्या वाक्याची किंमत कळली.

२०१८–१९ च्या तांदूळ खरेदीसाठी भारताने २०२० मध्ये या कलमाचा प्रथम आधार घेतला. उत्पादनमूल्य सुमारे ४३.७ अब्ज डॉलर आणि अनुदान सुमारे ५ अब्ज डॉलर, म्हणजे ११ टक्क्यांहून थोडे अधिक होते.

लेखी शब्द दुसऱ्या बाजूलाही तितकाच बांधतो. आकडेवारी वेळेवर कळवणे आणि साठ्यांमुळे व्यापारात विकृती न येऊ देणे, या अटी आहेत. भारताच्या तांदूळ निर्यातीवरून कृषी समितीत प्रश्न येतात ते त्यांच्याच आधारे. अनुदानविषयक स्वतंत्र कराराखालील तक्रारीपासून हे कलम वाचवत नाही. बालीच्या निर्णयाच्या दिवशी ज्या योजना चालू होत्या, त्यांनाच ते लागू आहे. कायमस्वरूपी तोडगा अबू धाबीतील तेराव्या परिषदेतही (२०२४) निघाला नाही.